यादी ब

"त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," सर म्हणाले.

शंभरातून सात-सात वजा करत पाच पायऱ्या उतरायच्या आणि पासष्टावर थांबायचं, असं त्या चाचणीत होतं. सर थांबले नाहीत. अठ्ठावन्न, एक्कावन्न करत ते भराभर खाली गेले आणि समोर बसलेल्या सहायक मुलीने हात वर करेपर्यंत दोनावर जाऊन टेकले.

"अजून जाऊ? उणे पाच, उणे बारा..."

"पुरे, सर. धन्यवाद."

तिने पाचापैकी पाच लिहिले. बरोबर उत्तराला 'बरोबर' म्हणायचं नाही आणि चुकलेल्याला 'चुकलं' म्हणायचं नाही. प्रत्येक वेळी फक्त 'धन्यवाद' म्हणायचं, हा नियम होता. तो नियम सरांचा होता. चाचणीही सरांचीच होती. ज्या खुर्चीवर ती बसली होती तिचे पाय दोन इंच कापलेले होते. तपासणारा तपासला जाणाऱ्यापेक्षा उंच दिसू नये म्हणून सरांनीच ते सुताराला बोलावून कापून घेतले होते. विभागात नवीन आलेला प्रत्येक जण त्या खुर्चीवर बसताना एकदा दचकायचा.

सर मानसशास्त्राचे प्राध्यापक. म्हातारपणाला जो कलंक चिकटतो त्याचा त्यांनी तीस वर्षं अभ्यास केला होता. म्हातारे हमाल, म्हातारे कैदी, रात्रनिवाऱ्यातल्या बायका, ज्यांना कोणी काही विचारत नाही अशांच्या पुढ्यात जाऊन ते प्रश्न विचारत बसत. जुन्या चाचण्यांत हे लोक नापास होतात, कारण त्या चाचण्या शाळा पाहिलेल्यांनी शाळा पाहिलेल्यांसाठी लिहिल्या आहेत, हे त्यांनी सिद्ध केलं आणि स्वतःची चाचणी तयार केली. शिकलेल्यांना वजाबाकी, न शिकलेल्यांना दोरीच्या गाठी. भिंतीवर त्यांनी एक फ्रेम लावली होती: 'हे शब्द येथे वापरू नयेत.' खाली एकतीस शब्द, क्रमांकासह. एक, म्हातारा. चार, थेरडा. नऊ, अडगळ. एकोणीस, कामातून गेलेला. एवढ्या शिव्या इतक्या नीट अक्षरात एका जागी आणखी कुठेच मिळाल्या नसत्या. विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात त्या पाठ करत.

दहा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या सभेत सरांनी टेबलावर हात आपटला होता. "वय बघून माणसाला घरी पाठवता? हा कलंकच झाला. क्षमता तपासा!" सभेने टाळ्या वाजवल्या आणि ठराव जसाच्या तसा मंजूर केला. पासष्टाव्या वर्षी क्षमता तपासायची. कशाने तपासायची, तर सरांच्याच चाचणीने. तिसात चोवीस किंवा जास्त पडले तर तीन वर्षं मुदतवाढ, कमी पडले तर पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून घरी. त्या दहा वर्षांत बाकीचे चाचणीआधीच आपणहून निवृत्त झाले; या ठरावात सापडलेले पहिले प्राध्यापक म्हणजे सर.

"आता घड्याळ काढा, सर. पावणेचार वाजलेत असं दाखवा."

सरांनी घड्याळ काढलं. आकडे जागच्या जागी, काटे लहान-मोठे, शिवाय मागितलेला नसताना सेकंदकाटाही. मग घड्याळाला अडकवायला वर एक खिळा काढला.

"धन्यवाद, सर."

"खिळ्याला गुण नाहीत ना?"

"नाहीत, सर."

"असायला हवे होते."

चाचणी घ्यायची जबाबदारी मुळात विभागप्रमुख बाईंची होती. सकाळी त्यांनी मुलीला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं होतं.

"मी त्यांची विद्यार्थिनी. मी चाचणी घेतली तर लोक म्हणतील, हितसंबंध आहे."

"बाई, मीपण त्यांचीच विद्यार्थिनी आहे."

"तुझा पगार प्रकल्पातून येतो. म्हणजे तू कागदोपत्री बाहेरची."

"पण प्रकल्प सरांच्याच नावावर आहे. ते गेले तर तो बंद. मी, आणि बाकीचे सहा जण..."

"तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीतल्या कुंडीला थोडं पाणी घातलं. "हे बघ, तीस देऊ नकोस. तीस तर मलाही पडायचे नाहीत. अठ्ठावीस शोभतील."

चाचणीत लक्षात ठेवायच्या पाच शब्दांच्या दोन याद्या होत्या. यादी अ नेहमीची, हजारो लोकांपुढे वाचलेली: खुर्ची, लिंबू, पाऊस, चावी, घोडा. यादी ब राखीव: कंगवा, नदी, भोपळा, घंटा, ससा. ज्याने अ आधी ऐकली असेल त्याला ब द्यायची. मुलीने सकाळी मुद्दाम यादी अ काढून ठेवली होती. सरांना ती झोपेतून उठवलं तरी आली असती.

पण तीन वाजता खोलीत आल्या आल्या सरांनी तिच्या हातातला कागद पाहिला.

"अ नको. अ मला पाठ आहे. ब काढ."

"सर, चालेल की अ."

"चालेल काय? चाचणी घेतेयस का वाढदिवस साजरा करतेयस? ब काढ, पोरी."

तिने ब काढली. शब्द वाचले. लगेच म्हणून दाखवायचे असतात, ते सरांनी म्हणून दाखवले. मग वजाबाकी, मग घड्याळ. वीस मिनिटांनी पुन्हा विचारायचे असतात. ती वीस मिनिटं आता संपत आली होती.

"हे चित्र कशाचं?"

"गेंडा. या गेंड्याचं चित्र मी स्वतः निवडलंय. आधी उंट होता. उंटाला बऱ्याच जणांनी 'आमचे साहेब' म्हटलं."

तिला हसू आलं. ते तिने 'धन्यवाद' म्हणून गिळलं.

"आज कोणती तारीख आहे, सर?"

सर मागे टेकून बसले. हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. व्याख्यानाआधी ते असेच बसत.

"हा प्रश्न अन्यायकारक आहे. यावर मी निबंध लिहिलाय. ज्या माणसाला उठून कुठे जायचं नाही, त्याचं तारखेवाचून काय अडतं? तारीख आपण कामावरच्या माणसाची मोजतो आणि..."

ते चार मिनिटं बोलले. निबंध खरोखर छान होता. शेवटी तिने वार, महिना आणि वर्षही विचारून पाहिलं, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांनी निबंधाचा पुढचा भाग सांगितला. फक्त 'आपण कुठे आहोत' यावर ते चटकन म्हणाले, "माझ्या खोलीत."

तिने उत्तराच्या रकान्यात सगळं लिहून घेतलं. माणूस जे बोलतो ते शब्दशः लिहायचं, तो चुकला तरी, खोकला तरी. हासुद्धा सरांचाच नियम, आणि दोन वर्षांत तो तिच्या हातात इतका मुरला होता की हात आपोआप लिहीत असे.

निबंध सांगणं हे सरांचं बऱ्याच दिवसांपासून चाललेलं होतं. विचारलेलं आठवलं नाही की ते प्रश्नावरच टीका करत. लोक म्हणत, सरांची धार अजून तशीच आहे. आणि 'पोरी'. विभागातल्या सगळ्या बायकांना ते 'पोरी' म्हणत, छप्पन्न वर्षांच्या विभागप्रमुख बाईंनाही. सगळ्यांना ती माया वाटे. तिलाही वाटायची. दोन महिन्यांपूर्वी ती केस बारीक कापून आली, तेव्हा सर तिच्या टेबलाशी थांबून हळूच म्हणाले होते, "आधी इथे एक पोरगी बसायची. गेली का सोडून? हुशार होती."

"हो, सर," ती म्हणाली होती. "होती."

"आता एक वाक्य लिहा, सर. तुमच्या मनाचं. कोणतंही."

सरांनी जरा विचार केला आणि लिहिलं: 'ही खोली मला ओळखते.'

वाक्याचा अर्थ बघायचा नाही, ते पूर्ण आहे की नाही एवढंच बघायचं. तिने दोन गुण दिले.

"आता मघाशी सांगितलेले पाच शब्द."

सरांचा चेहरा उजळला. त्यांनी हनुवटी वर केली.

"खुर्ची, लिंबू, पाऊस, चावी, घोडा."

एका दमात, क्रमाने, स्पष्ट. यादी अ इतकी सुरेख कोणीच कधी म्हटली नव्हती. मुलीचा हात चालला आणि पाचही शब्द रकान्यात उतरले.

"बरोबर?"

"धन्यवाद, सर."

"अगं, मीच शिकवलंय ते धन्यवाद. खरं सांग ना."

"धन्यवाद, सर."

ते खूश होऊन हसले आणि खिडकीकडे पाहत बसले. तिने गुणांचा रकाना भरायला घेतला. शब्दांना पाचापैकी पाच. तारीख-वाराला पाचापैकी पाच. बेरीज केली तर तीस. तीस शोभणार नव्हते. काय कापावं म्हणून तिने कागदावर वर-खाली पाहिलं आणि गेंड्याचे दोन गुण कापले. अठ्ठावीस. कागदावर नाव नव्हतं, नाव कधीच नसे. कुणाच्या नावाला डाग लागू नये म्हणून फक्त क्रमांक, वय, शिक्षण आणि व्यवसाय. व-०१. पासष्ट. चोवीस वर्षं. अध्यापन.

तेवढ्यात फोन वाजला. सरांच्या बायकोचा होता. विभागात सगळे त्यांना काकू म्हणत. फोन घेऊन ती बाहेर व्हरांड्यात आली.

"झालं का गं?"

"झालंच आहे, काकू."

"पास कर बाई त्यांना. दहा ते पाच तरी ते शहाणे असतात. पाचनंतरचं मी बघते."

"घरी जास्त झालंय का?"

"काल रात्री माझी मुलाखत घेतली." काकूंच्या आवाजात हसू होतं की काय, कळत नव्हतं. "समोर बसवलं, वय विचारलं, संमतीपत्रावर सही घेतली. म्हणाले, आजी, घरात तुम्हाला कोणी टाकून बोलतं का? म्हटलं, हो, नवरा. तर लिहून घेतलं की! वर मलाच म्हणतात, काळजी करू नका, तुमचं नाव कुठे येणार नाही."

व्हरांड्याच्या टोकाला शिपाई नोटीस बोर्डावरचे गंजलेल्या टाचण्या चिमट्याने उपटत होता.

"चाळीस वर्षांत इतकं लक्ष देऊन त्यांनी माझं काही ऐकलं नव्हतं गं," काकू म्हणाल्या. "म्हणून मीपण बोलत बसले. तासभर. ठेवते."

ती परत आली तेव्हा सर खुर्ची बदलून बसले होते. कापलेल्या पायांच्या, परीक्षकाच्या खुर्चीवर. ती तीस वर्षांची त्यांची जागा होती, त्यामुळे खोलीत काही बदललंय असं प्रथम वाटलंच नाही. मग तिला त्यांच्या हातातलं लाल पेन दिसलं, आणि पेनाखालचा कागद.

"पोरी, हे काय आहे?"

"सर, तो कागद..."

"बस आधी. यादी कोणती दिली होतीस?"

ती उंच खुर्चीवर बसली.

"ब."

"आणि याने काय सांगितलं? वाच."

"खुर्ची, लिंबू, पाऊस..."

"ही कोणती यादी?"

"अ, सर."

"आणि गुण किती दिलेस?"

सरांनी पाचावर रेघ मारली आणि शेजारी शून्य काढलं, घड्याळाइतकंच गोल.

"तुला वाईट वाटलं. वाटतं. मला माहितीये. पण आपण काय शिकलो? कीव म्हणजे कलंकच, फक्त इस्त्री केलेला. या माणसाला तू पाच गुण दिलेस म्हणजे काय केलंस? त्याला मोजलंच नाहीस. तो तुझ्यासमोर बसलाय आणि तू दुसऱ्याच कुणाचे तरी गुण लिहितेयस."

"हो, सर."

"आता ही तारीख. तारीख विचारली तर याने भाषण ठोकलंय. हे बघ, पानभर. मुद्दे बरे आहेत, कुठेतरी वाचलेले दिसतात. पण उत्तर कुठाय? अंगठेबहाद्दर हमाल असता तर मी सूट दिली असती. हा..." त्यांनी चष्मा वर सरकवून कागदाचा माथा वाचला. "शिक्षण चोवीस वर्षं. अध्यापन." त्यांनी त्या ओळीखाली बोट ठेवलं. "अरेरे. आपल्यातलाच कुणीतरी निघाला."

मुलीने मांडीवर ठेवलेल्या फोनवर अंगठा फिरवला. पडदा काळाच होता.

"सूट नाही," सर म्हणाले, आणि चार गुण कापले. "जागा ओळखलीये, त्याचा एक राहू दे. आणि हे काय? गेंड्याचे दोन का कापलेस? गेंडा बरोबर ओळखलाय त्याने! अशाने माणसाचा विश्वास कसा बसेल?" त्यांनी गेंड्याचे दोन परत दिले. घड्याळाच्या चित्रावर मात्र त्यांचं पेन थांबलं. "घड्याळ देखणं काढलंय हं. खिळासुद्धा. खिळ्याला गुण असायला हवे होते." खाली वाक्य होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचलं. "ही खोली मला ओळखते. भाबडा आहे बिचारा. पण वाक्य पूर्ण आहे, तुझे दोन बरोबर."

त्यांनी बेरीज केली. बोटांवर नाही, मनात, एका झटक्यात.

"एकवीस. पोरी, म्हातारा कामातून गेलाय."

बोलून झाल्यावर त्यांची नजर भिंतीवरच्या फ्रेमकडे गेली.

"एक आणि एकोणीस," ते ओशाळून म्हणाले. "माफ कर. तोंडातून गेलं."

एकदा लिहिलेले गुण बदलले तर चाचणीच्या कर्त्याची सही लागे, आणि ती सही झाल्यावर कुणालाच त्यात हात घालता येत नसे, विभागप्रमुखांनाही नाही, सभेलाही नाही. सरांनी सही केली. सहीखाली एक छोटी रेघ ओढून पेन त्या रेघेवर टेकवलं, आणि मान वर न करता विचारलं,

"आज तारीख काय गं?"

तिने तारीख सांगितली. त्यांनी ती नीट लिहिली.

"घरी कोण आहे याच्या?"

"बायको."

"तिला सांग. तिला माहीतच असतं, पण कुणीतरी सांगावं लागतं. आणि त्याला एकटं सोडू नकोस. कुठे बसवलंयस, बाहेर?"

"नाही, सर. इथेच आहे."

"बरं."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. कुलसचिवांच्या पत्त्याचा लिफाफा सकाळपासून टेबलावर होता. बाईंना काय सांगायचं, बाकीच्या सहा जणांना काय सांगायचं, यातलं तिला काही सुचत नव्हतं. कोरे कागद तिच्या खणात ढीगभर होते आणि अठ्ठावीस लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तिने लाल शाईवर एकदा बोट फिरवलं. शाई अजून ओली होती, बोटाला लागली. तिने कागदाची घडी घातली, लिफाफ्यात सारली आणि डिंक लावून लिफाफा तळहाताने दाबत राहिली, चिकटून झाल्यावरही.

सरांनी पेन खिशाला लावलं, शर्टाची कॉलर सरळ केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"चल, आता माझी घे. पाचच्या आत उरकून टाकू. आज त्यांनी माझी ठेवलीये ना? तू सांगितलं नाहीस तरी कळतं मला."

ती उठली. खणातून कोरा कागद काढला. तिच्या मागे खुर्ची करकरली.

"अ नको हं. अ मला पाठ आहे. ब काढ."

"हो, सर."

ती पुन्हा समोर बसली. तिची खुर्ची उंच होती आणि त्यांची बुटकी, त्यामुळे सरांना तिच्याकडे वर पाहावं लागत होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे.

"मी पाच शब्द वाचते, सर. नीट ऐका. नंतर विचारणार आहे."

"हं."

"कंगवा," ती म्हणाली.

"खुर्ची," सर पुटपुटले, आणि पुढच्या शब्दासाठी त्यांनी मान हलवली.